रिझर्व्ह बँकेचा अर्ज आमच्या लेकरांपर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज दरवर्षी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात घेतले जातात. देशभरातून जास्तीत जास्त १२५ विद्यार्थी निवडले जातात. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात आणि एप्रिलपासून तीन महिन्यांपर्यंत ही मुलं देशाच्या मध्यवर्ती बँकेत बसून नेमून दिलेल्या विषयावर काम करतात. त्याचं विद्यावेतनही मिळतं. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, वाणिज्य, बँकिंग, वित्त किंवा व्यवस्थापन या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि कायद्याचे विद्यार्थी अर्ज करू शकतात.

मी परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे एम.ए.चे वर्ग आहेत. कापूस आणि सोयाबीनवर चालणाऱ्या घरांतली लेकरं वर्गात बसतात, त्यातही मुली जास्त. एम.ए.च्या पहिल्या तासाला मी दरवर्षी विचारते, रिझर्व्ह बँकेत विद्यार्थ्यांना काम करायला मिळतं हे कोणाला माहीत आहे? एकही हात वर येत नाही. याच मुलांना तलाठी भरतीची, पोलीस भरतीची, बँकेच्या क्लार्क परीक्षेची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. म्हणजे मुलं माहितीच्या बाबतीत मागे नाहीत. ज्या वाटेनं त्यांच्यापर्यंत माहिती येते, त्या वाटेवर ही माहिती कोणी टाकतच नाही. ती टाकली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबेल, पण कृपया छापावं.

आधी तारखांचा गुंता सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षात असलेल्यांनाच ही इंटर्नशिप मिळते. एम.ए. दोन वर्षांचं. म्हणजे अर्ज करायची संधी फक्त पहिल्या वर्षी, आयुष्यात एकदाच. आता आमच्या विद्यापीठांचं वेळापत्रक बघा. पदवीचे निकाल लागून, प्रवेशाच्या फेऱ्या होऊन एम.ए.चा वर्ग खऱ्या अर्थानं भरतो तेव्हा ऑगस्ट संपत आलेला असतो, कधी सप्टेंबर उजाडतो. मग गणपती, नवरात्र, दिवाळीची सुट्टी आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेची धांदल. गावाकडच्या मुलामुलींना याच दिवसांत कापूस वेचणीला आणि सोयाबीनच्या काढणीला घरी थांबावं लागतं. नेमक्या याच काळात अर्जाची खिडकी उघडते आणि बंदही होते. दुसऱ्या वर्षात गेल्यावर एखाद्याला कुठून तरी कळतं आणि तो धावत येतो, तेव्हा मला सांगावं लागतं की बाबा, तुझी वेळ गेली. हे सांगताना फार वाईट वाटतं. त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

यावर उपाय आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ही माहिती एम.ए.च्या वर्गात सांगायचीच नाही, ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात सांगायची. मूल पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच त्याला ठाऊक हवं की पुढच्या ऑक्टोबरात आपल्याला हा अर्ज भरायचा आहे. मग ते उन्हाळ्यात थोडं वाचेल, आपल्याला कशात रस आहे ते ठरवेल, आणि अर्जात चार ओळी स्वतःच्या डोक्यानं लिहील. आमच्या विभागात आम्ही हे सुरू केलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या निरोप समारंभाआधी एक तास फक्त याच गोष्टीला देतो.

आमची एक विद्यार्थिनी या इंटर्नशिपला जाऊन आली. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. वडिलांची कोरडवाहू जमीन, घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ती पहिलीच. मुलाखतीत तिला पुस्तकी व्याख्या कमी आणि घरच्या पीककर्जाबद्दल जास्त विचारलं गेलं. कर्ज किती, व्याज किती, वेळेत फेडलं तर काय होतं? तिनं घरी पाहिलेलंच सांगितलं. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज, वेळेत परतफेड केली तर केंद्राची तीन टक्के सवलत, उरलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून, म्हणून शेतकऱ्याला शून्य टक्के. आणि मग तिनं आपणहून पुढचं सांगितलं की आमच्या गावात अनेकांना हे शून्य टक्के मिळत नाही. परतफेडीची तारीख मार्चअखेरीची असते आणि भाव पडलेला असेल तर कापूस तोवर घरातच पडून असतो. तेव्हा लोक सावकाराकडून किंवा आडत्याकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलतात, बँकेचं खातं नवं-जुनं करतात, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं घेतात, आणि त्या आठ दिवसांचं व्याज कुठल्याच आकडेवारीत येत नाही. तिची निवड झाली.

मला या प्रसंगात फार मोठी गोष्ट दिसते. आमची मुलं इंग्रजीत अडखळतात, समीकरणं पाहून बिचकतात, हे खरं आहे. पण ग्रामीण पतपुरवठ्याबद्दल त्यांना जे माहीत आहे ते दिल्ली-मुंबईच्या नामांकित संस्थांतल्या मुलांना वाचून समजून घ्यावं लागतं. मध्यवर्ती बँकेला हे ज्ञान नको असेल असं मला वाटत नाही. रिझर्व्ह बँकेनंच १९५१-५२ साली देशभरातल्या खेड्यांत ग्रामीण पतपाहणी करून घेतली होती. ए. डी. गोरवाला ही पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते आणि आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आहे आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के, हे त्या पाहणीनं देशासमोर ठेवलं. पुढे १९६९ मध्ये गाडगिळांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावं असं सुचवलं आणि त्यातून एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना आली. खेड्यात जाऊन, वही उघडून, माणसांना विचारून अर्थशास्त्र करायचं, ही परंपरा आपल्याच मातीतली आहे. आमच्या वर्गातली मुलं त्या परंपरेची थेट वारस आहेत.

आता अडचण. ही मुलगी निवडली गेली तेव्हा घरात आनंदाबरोबर पहिला प्रश्न आला, राहायचं कुठे? देवगिरी एक्स्प्रेसनं सेलूहून रात्री निघालं की सकाळी सीएसएमटीला उतरता येतं, तिथून शहीद भगतसिंग मार्गावरचं रिझर्व्ह बँकेचं मध्यवर्ती कार्यालय पायी जाण्याइतकं जवळ आहे. प्रवासाचं कोडं नव्हतं. मुक्कामाचं होतं. ती गेली त्या वर्षी विद्यावेतन महिन्याला २० हजार रुपये होतं, पण मुंबईत मुलीसाठी सुरक्षित खोली घ्यायची तर आधी अनामत रक्कम हातात हवी आणि विद्यावेतन काम सुरू झाल्यावर मिळतं. तिच्या मावशीचं घर ठाण्याजवळच्या दिवा गावी होतं म्हणून निभावलं. ज्या मुलीची मावशी दिव्याला नाही, तिनं काय करायचं? आमच्याकडे एका मुलीनं केवळ याच कारणानं अर्ज भरला नाही. घरच्यांनी सांगितलं, निवड झाली तर पाठवता येणार नाही, मग अर्ज कशाला करतेस? माझी रिझर्व्ह बँकेला कळकळीची विनंती आहे की जिल्ह्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, किमान मुलींसाठी, राहण्याची काही सोय करावी किंवा पहिल्या महिन्याचं विद्यावेतन आगाऊ द्यावं. आणखी एक. नागपूरला बँकेचं मोठं कार्यालय आहे, एका चौकाला लोक वर्षानुवर्षं आरबीआय चौक म्हणत आले. मराठवाडा-विदर्भातल्या काही विद्यार्थ्यांना तिथे काम देता आलं तर निम्मी अडचण संपेल.

त्या तीन महिन्यांनी आमच्या त्या विद्यार्थिनीत काय बदललं? वित्तीय समावेशनाशी, म्हणजे बँकेच्या सेवा सगळ्यांपर्यंत पोहोचवण्याशी, संबंधित विषय तिला मिळाला होता. ती परत आली तेव्हा तिच्या बोलण्यात "सर म्हणाले" कमी झालं होतं आणि "मी आकडे पाहिले" वाढलं होतं. अहवाल कसा लिहायचा, तक्त्याखाली तळटीप का द्यायची, दोन वर्षांचे आकडे तुलना करण्याजोगे आहेत की नाहीत हे आधी कसं तपासायचं, हे ती आता आमच्या मुलांना शिकवते. एका मुलीमागे पूर्ण विभाग सुधारतो, हा माझा अनुभव आहे.

याच संदर्भात विद्यापीठांसाठी एक सूचना करते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे. सगळे त्याला ओजेटी म्हणतात. कल्पना उत्तम आहे, पण तालुक्याच्या गावी अर्थशास्त्राच्या मुलानं ओजेटी करायचं कुठे? मुलं पतसंस्थेत जातात, कर सल्लागाराकडे जातात, आडत दुकानात जातात. काही ठिकाणी खरंच शिकायला मिळतं. पुष्कळ ठिकाणी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र मिळतं आणि ते फाईलला लागतं. ओजेटी ज्या उन्हाळ्यात येतं, त्याच उन्हाळ्यात रिझर्व्ह बँकेची इंटर्नशिप येते. विद्यापीठांनी एक साधं परिपत्रक काढून सांगावं की रिझर्व्ह बँकेतलं काम हेच ओजेटी धरलं जाईल आणि एप्रिल-मेच्या परीक्षेची तारीख आड आली तर त्या विद्यार्थ्याची परीक्षा वेगळी घेतली जाईल. आज हे प्रत्येक प्रकरणात अर्ज-विनंत्या करून मिळवावं लागतं. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या वेळी टेबलाटेबलावर फिरून ते मिळालं. ज्याच्या मागे फिरणारा शिक्षक नाही त्यानं काय करावं?

ज्यांना इंटर्नशिप मिळत नाही, त्यांच्यासाठीही दारं आहेत. गोरेगावला फिल्म सिटीच्या रस्त्यावर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. ती १९८७ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच स्थापन केली. तिथे अर्थशास्त्राची एम.एस्सी. आणि पीएच.डी. होते. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना कर्ज देते तो दर, ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती २०१६ पासून काम करते, तिच्यावर चार वर्षं बाहेरच्या सदस्य म्हणून राहिलेल्या आशिमा गोयल याच संस्थेतल्या. आपल्याच राज्यात एवढी तोलामोलाची संस्था असताना तिथल्या प्रवेशपरीक्षेला मराठवाड्यातून किती अर्ज जात असतील? माझ्या डोळ्यांसमोर तरी फार थोडे गेले. कारण स्पष्ट आहे. तिथे बारावीपर्यंत गणित झालेलं असावं लागतं आणि आमच्याकडे कला शाखेत गेलेल्या मुलाचं गणित दहावीलाच सुटतं. बालभारतीच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर "कला व विज्ञान" असं छापलेलं आहे, म्हणजे शिक्षण मंडळाला कला शाखेच्या विद्यार्थ्यानं गणित घेण्यात काहीच अडचण नाही. अडचण कनिष्ठ महाविद्यालयांची आहे. चार मुलांसाठी तुकडी कोण चालवणार, म्हणून कला शाखेत गणिताचा पर्यायच ठेवत नाहीत. माझं संस्थाचालकांना सांगणं आहे की विज्ञान शाखेच्या गणिताच्या तासाला कला शाखेच्या त्या चार मुलांना बसू द्या. वेगळा शिक्षक नको, वेगळी खोली नको. सोळाव्या वर्षी सुटलेलं गणित एकविसाव्या वर्षी भरून काढताना मुलांचे जे हाल होतात ते मी जवळून पाहते आहे.

रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञाच्या नोकरीबद्दलही हेच. आर्थिक आणि धोरण संशोधन विभागासाठी "ग्रेड बी" या अधिकारीपदाची स्वतंत्र भरती असते. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला ५५ टक्के गुण असले की परीक्षेला बसता येतं. जागा मोजक्याच असतात, स्पर्धा कठीण असते. पण आमच्याकडे "बँकेची परीक्षा" म्हटलं की मुलं गणित-बुद्धिमत्तेचा क्लास लावतात. ज्या परीक्षेत त्यांचाच विषय, अर्थशास्त्र, विचारला जातो तिची खबरच नसते. दोन-तीन वर्षं एकाग्रतेनं अभ्यास केला तर तालुक्याच्या गावचं मूल तिथे पोहोचू शकतं, असा माझा ठाम विश्वास आहे. निदान बसून तरी बघू द्या.

मध्यंतरी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आपल्या नव्वदाव्या वर्षानिमित्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा घेतली होती. एका महाविद्यालयातल्या दोघांचा संघ, कोणतीही शाखा चालेल, राष्ट्रीय पातळीवर पहिलं बक्षीस दहा लाख रुपये. आमच्या दोन मुली बसल्या होत्या. ऑनलाइन फेरीच्या पुढे त्या गेल्या नाहीत. पण त्या निमित्तानं संध्याकाळी ग्रंथालयात बसून त्यांनी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठी कधी वाचलं नसतं. अशी स्पर्धा नव्वदाव्या वर्षापुरती राहू नये, दरवर्षी व्हावी आणि राज्य पातळीपर्यंतच्या फेऱ्या मराठीतही व्हाव्यात. आमच्या विद्यापीठांत एम.ए. अर्थशास्त्र मराठीतून लिहिता येतं, मराठी अर्थशास्त्र परिषद मराठीतून अधिवेशनं भरवते, तिथे चलनवाढीवर आणि बँकिंगवर मराठीतून निबंध वाचले जातात. विषय मराठीत मांडता येतो हे सिद्ध करण्याची वेळ केव्हाच मागे पडली. अमेरिकेत तिथली मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, पदवीच्या विद्यार्थ्यांची एक स्पर्धा घेते. त्यात विद्यार्थ्यांचे संघ अर्थव्यवस्थेचा अभ्यास करून व्याजदराबाबत काय करावं ते परीक्षकांसमोर मांडतात. आमच्या मुलांना रेपो दर वाढवावा की कमी करावा यावर मराठीत बोलायला उभं करा. भाजीचा भाव, खताची गोणी, मजुरी, घराचा हप्ता यांतून ते जे बोलतील ते ऐकण्यासारखं असेल. देशातली कुटुंबं पुढच्या महागाईबद्दल काय अंदाज बांधतात याची पाहणी रिझर्व्ह बँक करत असते, त्यात मुंबईबरोबर नागपूरही आहे. कुटुंबांच्या अंदाजाला महत्त्व आहे हे बँकेला चांगलंच माहीत आहे.

मुंबईला जाणं जमत नसेल तर काय? रिझर्व्ह बँकेची आकडेवारी संकेतस्थळावर सगळ्यांना मोफत खुली आहे. जिल्ह्यागणिक बँकांतल्या ठेवी किती आणि कर्ज किती हे तिथे दर तिमाहीला मिळतं. आमचे विद्यार्थी दरवर्षी परभणी, हिंगोली, जालना आणि मुंबई यांचं ठेवींशी कर्जाचं प्रमाण काढतात, मागच्या दहा वर्षांचा आलेख काढतात आणि मग आपापल्या गावच्या बँक शाखेत आणि सहकारी पतपुरवठा सोसायटीत जाऊन त्यामागचं कारण विचारतात. याला लागतो एक मोबाइल आणि एक वही. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, निधी नाही, तिथेही हे करता येतं. राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास रिझर्व्ह बँक दरवर्षी प्रसिद्ध करते. महाराष्ट्राचं कर्ज आणि खर्च इतर राज्यांशेजारी ठेवून बघायचा असेल तर याच्याइतकं हाताशी असलेलं दुसरं साधन मला माहीत नाही.

पीएच.डी. करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती पुण्यातल्याही अनेकांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात आहे, कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारात, १९८१ पासून. बँकेची जुनी कागदपत्रं तिथे जतन केलेली आहेत. सहकार, ग्रामीण कर्ज, संस्थानी काळातलं चलन यांवर काम करणाऱ्या मराठी संशोधकांनी तिथे जायला हवं. आणि सहल काढायची तर मुंबईत फिरोजशहा मेहता मार्गावर बँकेचं चलन संग्रहालय आहे. ठसे उमटवलेल्या प्राचीन आहत नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंत सगळं एका ठिकाणी पाहता येतं. आमची मुलं तिथे हुंडीसमोर, म्हणजे पैसे देण्याच्या जुन्या लेखी चिठ्ठीसमोर, फार वेळ उभी राहिली होती, कारण आडतीवरच्या चिठ्ठीचा व्यवहार त्यांनी घरी पाहिलेला होता.

शिक्षकांबद्दलही लिहायला हवं. अर्थशास्त्र आणि वित्त शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी रिझर्व्ह बँकेची शिष्यवृत्ती आहे. तीन महिन्यांपर्यंत बँकेत राहून संशोधन करता येतं. योजना पूर्णवेळ प्राध्यापकांसाठी आहे आणि इथेच आमच्या भागाची दुखरी नस आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवणारे कितीतरी जण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर, आहेत. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेले, पीएच.डी. झालेले, दहा-दहा वर्षं शिकवत असलेले. त्यांना ही शिष्यवृत्ती नाही, कारण कागदावर ते पूर्णवेळ नाहीत. ज्या मुलांना ते शिकवतात ती मुलं मात्र पूर्णवेळच आहेत. राज्य सरकारनं रिक्त जागा भरणं हा खरा उपाय आणि त्यासाठी आम्ही भांडतच आहोत. तोवर रिझर्व्ह बँकेनं, सलग काही वर्षं शिकवल्याचा दाखला पाहून, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही पात्र धरावं. जो शिक्षक स्वतः तिथे बसून आला तो पुढची वीस वर्षं मुलांना तिकडे पाठवत राहील.

माहिती कशी अडते याचंही एक उदाहरण देते. एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, इंटर्नशिपची सूचना कार्यालयाच्या ईमेलवर येऊन पडली होती. ती विभागापर्यंत आली तेव्हा मुदत उलटून गेली होती. कार्यालयात दोन माणसं, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, नॅकच्या मूल्यांकनाची कामं, परीक्षा. ते तरी कुठे कुठे पुरणार? त्यामुळे केवळ ईमेलवर अवलंबून राहून भागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यासाठी रिझर्व्ह बँकेचा एक अग्रणी जिल्हा अधिकारी नेमलेला असतो. तो जिल्ह्यातल्या बँकांच्या बैठकांना येतो. त्यानं वर्षातून एकदा, सप्टेंबर महिन्यात, जिल्ह्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी एका सभागृहात दोन तास बोलावं. सभागृह, खुर्च्या, चहा, मुलांना आणण्याची व्यवस्था हे सगळं आम्ही महाविद्यालयं मिळून करू. बँकेच्या खुर्चीवरचं माणूस समोर उभं राहून "तुम्ही या" म्हणालं तर त्याचा जो परिणाम होतो तो माझ्या शंभर तासांनी होत नाही.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. जन्म रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचा, शिक्षण रोहा-तळ्यासारख्या ठिकाणी सुरू झालेलं, मॅट्रिकला पहिले आलेले. १९४३ ते १९४९ ते गव्हर्नर होते. त्यांच्या नावानं रिझर्व्ह बँक व्याख्यानमाला चालवते. आम्ही वर्गात त्यांचा फोटो लावला आहे. पण फोटो लावून मुलं मुंबईला पोहोचत नाहीत. त्यांना तारीख लागते, तिकीट लागतं, राहायला जागा लागते आणि कोणीतरी सांगावं लागतं की हे तुझ्यासाठी आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे शेवटची मागणी. नोकरीच्या जाहिरातींची पुरवणी आमच्याकडे ग्रंथालयात सर्वांत आधी फाटते, इतकी ती वाचली जाते. त्या पुरवणीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक चौकट द्या: रिझर्व्ह बँक उन्हाळी इंटर्नशिप, कोण अर्ज करू शकतं, कुठे करायचा, शेवटची तारीख कोणती. नोव्हेंबरच्या शेवटी तीच चौकट पुन्हा छापा. आणि हे पत्र वाचणाऱ्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगते: बँकेच्या संकेतस्थळावर या वर्षीचे नियम स्वतः वाचा, घरच्यांशी मुक्कामाचं आत्ताच बोलून ठेवा आणि महाविद्यालयाकडून लागणारं पत्र दिवाळीची सुट्टी लागायच्या आत प्राचार्यांच्या सहीनं हातात घ्या. सुट्टीत कार्यालय बंद असतं आणि मुदत कोणासाठी वाढत नाही.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका
सेलू, जि. परभणी